काळी डबी आणि अच्युतरावांचे कान

श्रीशूर्पकर्ण गजानन, ज्याचे कान सुपाएवढे आणि ऐकणे त्याहून थोर, त्यास आधी दंडवत. मग नादरूप शारदेस दंडवत. मग जे श्रोते गोष्ट अर्धी टाकून चहा टाकावयास उठत नाहीत, त्यांसही दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष मास, थंडी ऐसी की खोबरेल तेल बाटलीत गोठोन बसले, त्या काळी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो.

राज्याचे नाव लिहावयाची मनाई आहे. इतके सांगतो की राज्य दुसऱ्या मजल्यावर होते, पूर्वेस सज्जा व सज्जात तुळस, पश्चिमेस मुदपाकखाना, मध्ये दिवाणखाना, आणि जिन्याचा कठडा ही सरहद्द. गादीवर श्रीमंत अच्युतराव, सरकारी चाकरीतून सन्मानाने मोकळे जाहलेले, आणि शेजारी राणीसाहेब कुमुदिनीबाई. अच्युतरावांपाशी हत्ती नव्हते, घोडे नव्हते, कान होते. त्या कानांची कीर्ती पंचक्रोशीत ऐसी की भजनी मंडळाच्या तबल्याची वादी केसभर उतरली तर श्रीमंत मांडवाच्या टोकाशी बसोन भुवई उचलीत, आणि भुवई उचलली की तबलजी हातोडी शोधी. दर माघात गावच्या भजनस्पर्धेस परीक्षक कोण, हा प्रश्न कोणी पुसत नसे. अच्युतरावच. आणि अच्युतरावांनी अमुक मंडळ बेसूर म्हटले की ते मंडळ वर्षभर रियाज करी आणि मनात शिव्या देई, परंतु निवाडा खोटा कोणी म्हणत नसे.

ऐशास युवराज श्रीरंग, जे सातासमुद्रापार नोकरीस आहेत, त्यांनी दिवाळीस येऊन एक काळी डबी हुजूर नजर केली. डबी तळहाताएवढी, टीव्हीस तारेने जोडिली, आणि तीत जुन्या थोर बुवांची भजने, अभंग, गवळणी, सारे भरोन ठेविले. युवराज बोलिले, "बाबा, आता कॅसेट शोधायला नको. बटण दाबा आणि ऐका." श्रीमंत संतोष पावले. राणीसाहेबांनी डबीस टीव्हीखालच्या कप्प्यात जागा दिली, धूळ बसो नये म्हणोन कप्प्यास निळ्या फुलांचा पडदा शिवोन लाविला, आणि त्या दिवसापासोन त्या कप्प्याचा कारभार राणीसाहेबांकडे लागला, जैसा घरातील एकूण कप्प्यांचा होता. मग दुपारची जेवणे जाहली, वामकुक्षी जाहली, की श्रीमंत खुर्चीत बसोन बटण दाबीत, राणीसाहेब पडदा सारखा करोन मुदपाकखान्यात जात, आणि बुवा गाऊ लागत. मार्गशीर्षापर्यंत ऐसे सुख होते की लिहिता लेखणी पुरत नाही.

मग पौष लागला आणि नादास दृष्ट लागली. एके दुपारी बुवांनी अभंगाचा दुसरा चरण उचलला, आवाज घारीसारखा वर गेला, आणि तिथेच टक् करोन तुटला. क्षणभर काही नाही. मग बुवा पुढल्याच अक्षरावर उभे. श्रीमंतांनी मान उचलली. म्हणाले, "हे काय?" पुन्हा चार ओळी नीट गेल्या आणि पुन्हा टक्. मग टक् टक् टक्, जैसा कोणी सुरावर सुपारी कातरतो आहे. श्रीमंतांनी डबी बंद केली, चालू केली, नीट चालली, मग पुन्हा काही वेळाने तेच. तेव्हा राज्यात युद्ध उभे राहिले असे समजावे, परंतु शत्रू कोण, कोठून आला, त्याचा तळ कोठे, हे कोणासही ठाऊक नाही. ऐसे युद्ध फार कठीण.

श्रीमंतांनी प्रथम तारेवर संशय धरिला. तार जुनी, वाकलेली, तिचे तोंड घासलेले, हीच फितूर असावी, ऐसे मनात आणोन बाजारातून नवी जाड तार आणविली, आणि मुदपाकखान्याकडे तोंड करोन बोलिले, "कुमुद, कप्पा जरा मोकळा कर गं, मागे हात घालायचाय." राणीसाहेब पदराला हात पुसत आल्या, पडद्याआडचे आपले जे काय होते ते उचलोन आत नेले, आणि श्रीमंत गुडघ्यावर बसोन तारेशी झुंजले. नवी तार लागली. गाणे लाविले. संध्याकाळपर्यंत एक खाच नाही. श्रीमंत विजयाच्या भरात म्हणाले, "तारच होती. मी म्हणत नव्हतो?" राणीसाहेब म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात म्हणजे तारच." दुसरे दिवशी दुपारी, भैरवीच्या ऐन कळसावर, टक्.

मग युवराजांस खलिता गेला, म्हणजे फोनवर मुखदर्शन जाहले. युवराज बोलिले, "बाबा, डबी दाखवा बरं. कॅमेरा खाली करा." हे शब्द कानी पडताच राणीसाहेब आतून धावल्या, "थांबा, थांबा, सूनबाई बघेल, कप्पा आवरू दे आधी," ऐसे म्हणोन कप्पा आवरिला, आणि मग डबीस उजेडात आणिले. युवराजांनी दुरोनच मसलत चालविली. म्हणाले, सेटिंगमध्ये जा, ध्वनीच्या खात्यात जा, तेथे पासथ्रू म्हणोन आहे, ते बंद करा. श्रीमंतांनी पुसले, "हा पासथ्रू कोण?" युवराज म्हणाले, "बाबा, तो कोण नाही, ते काय आहे." श्रीमंत म्हणाले, "बरं, जो काय असेल तो, बंद केला." मग वायफायची पेटी खिडकीशी हलविली, मग नवे सॉफ्टवेअर उतरविले, मग पुन्हा चालू केली, आणि गाणे लाविले, आणि ते नदीसारखे वाहू लागले. युवराज तिकडोन म्हणाले, "झालं की! मला तर मस्त ऐकू येतंय." श्रीमंत म्हणाले, "हो, झालं." आणि दुसरे दिवशी दुपारी तेच टक् टक्, आणि आता मधोमध आवाज असा लांबला जैसा बुवा विहिरीत उतरत गात आहेत.

येथे श्रीमंतांची मती गुंग जाहली. पासथ्रू बंद केला तर एक दिवस बरे, चालू केला तरी एक दिवस बरे. वायफाय खिडकीशी नेले तर बरे, परत आणिले तरी बरे. जे करावे ते लागू पडे, आणि जे लागू पडे ते टिकत नसे. सोमवारी जो शत्रू तारेत होता तो मंगळवारी हवेत, बुधवारी सेटिंगमध्ये, आणि गुरुवारी कोठेच नाही, कारण गुरुवारी राणीसाहेब माहेरच्या हळदीकुंकवास गेल्या होत्या आणि त्या दिवशी डबी सकाळपासोन संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखी वाजली. श्रीमंतांनी गुरुवारचे पुण्य म्हणोन दत्तास हात जोडिले. दुसरा काही हिशेब लागेना.

तेव्हा बाजारपेठेतून नौशादभाई कारागीर यांस पाचारण केले. तरुण मनुष्य, पाठीवर पिशवी, बोलणे मऊ. येणार म्हणोन राणीसाहेबांनी आधीच दिवाणखाना झाडिला, कप्पा पुसोन लख्ख केला, पडदा वर खोचला, आणि चहाचे आधण ठेवावयास आत गेल्या. नौशादभाईंनी डबी उलटी केली, सुलटी केली, एक अभंग लाविला, दुसरा लाविला, बराच वेळ कान देऊन बसले. श्रीमंतही बसले. डबी ऐसी गाई की देवळातही तसे गाणे होत नाही. श्रीमंत म्हणाले, "आता तुटेल बघ. इथं. या चरणावर." चरण आला, गेला, तुटला नाही. श्रीमंत म्हणाले, "पुढच्या चरणावर." तोही गेला. नौशादभाईंनी डोके खाजविले आणि अदबीने बोलिले, "काका, मला तर एकदम क्लीन वाटतंय. तुम्हाला कुठे कट होतंय?" श्रीमंत म्हणाले, "अरे रोज होतं." नौशादभाई पिशवी आवरीत, आवाज आणखी मऊ करोन बोलिले, "राग मानू नका. आमच्या अब्बांना पण असंच व्हायचं. म्हणायचे, रेडिओ तुटतो, रेडिओ तुटतो. रेडिओ चांगला होता. मग कान दाखवले, मशीन बसवलं, आता मजेत आहेत. एकदा दाखवून घ्या ना काका."

हे बोल श्रीमंतांच्या काळजात तोफेच्या गोळ्यासारखे बसले. तोफेचा तरी आवाज होतो. ह्याचा जाहला नाही. नौशादभाई चहा पिऊन गेले, राणीसाहेबांनी आतून पुसले, "झालं का हो दुरुस्त?" आणि श्रीमंतांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात सुराविषयी लबाडी केली नव्हती, खिडकीकडे पाहोन सांगितले, "झालं. एकदम झालं."

त्या दिवसापासोन श्रीमंत बदलले. दुपारी खुर्चीत बसत, बटण दाबीत, गाणे तुटे, आणि ते चेहरा न हलविता बसोन राहत, जैसे सारे सुरळीत आहे. मनात मात्र एकच घोकणी. डबी इतरांसमोर तुटत नाही, माझ्यासमोर तुटते. तर मग तुटते ते काय? डबी की मी? रस्त्यावरची भाजीवाली ओरडली तर ते थबकोन ऐकत, की हिच्या हाकेत खाच पडते का. न पडे. कुकरची शिट्टी अखंड येई. देवघरातली घंटा अखंड वाजे. मग अभंगच का तुटावा? की उंच सूर तेवढे कानातून निसटू लागले? वडिलांचे असेच जाहले होते का? आठवेना. कधी डावा कान तळहाताने झाकोन उजव्याने ऐकत, कधी उजवा झाकोन डाव्याने, दोहोंकडे तुटके. राणीसाहेबांस सांगावे तर जीभ उचलेना. जी बाई चाळीस वर्षे मैत्रिणींमध्ये सांगत आली, "आमच्या ह्यांचा कान म्हणजे कान," तिला काय सांगावे? त्या आपल्या मुदपाकखान्यात मेथी निवडीत, आणि तोंडाने हळू गुणगुणत असत:

दूध तापविते बाई, साय धरी चांदण्याची
धन्याच्या गं कपाळाला, रेघ कुणा काळजीची

श्रीमंतांस हे ऐकू येई. शब्द नि शब्द ऐकू येई. परंतु भ्यालेल्या माणसास जे ऐकू येते त्याचा धीर येत नाही, जे ऐकू येत नाही त्याचीच भीती वाटते.

ऐशात माघ जवळ आला, आणि भजनस्पर्धेचे कारभारी शेवाळे मास्तर यांचा फोन आला. "अण्णा, पत्रिका छापायला टाकतोय. परीक्षक म्हणून तुमचं नाव घालतो नेहमीसारखं. विचारायची पद्धत म्हणून विचारतो." श्रीमंत बोलिले, "मास्तर, मी कळवतो." मास्तर म्हणाले, "कळवायचं काय त्यात? लग्नात नवऱ्याला विचारतात का येणार का म्हणून?" श्रीमंत कसनुसे हसले. "दुपारी कळवतो," म्हणोन फोन ठेविला. मग विचार मांडिला. मांडवात गरिबाघरची पोरे वर्षभर घसा फोडून गातील. आपल्या कानास खाच, आणि आपण म्हणणार तुमच्या तालास खाच. हे पाप कोणत्या घाटावर धुवावे? मग मनाशी निश्चय केला की आज जेवणानंतर बुवांचा तोच पहिला अभंग लावीन. अखंड गेला तर होकार. तुटला तर परीक्षकाची गादी आजपासोन रिकामी.

दुपार जाहली. जेवण गोड लागले नाही. राणीसाहेबांनी ताक वाढिले, ते तसेच राहिले. श्रीमंत खुर्चीत बसले, राणीसाहेब नित्याप्रमाणे कप्प्याशी वाकल्या, पडदा सारखा केला, आत गेल्या. श्रीमंतांनी बटण दाबिले. लावावयाचा तो पहिला अभंग, परंतु धीर होईना म्हणोन त्याआधी दुसरी दोन गाणी जाऊ दिली, ती नीट गेली, श्रीमंतांच्या छातीत थोडी ऊब आली. मग तो अभंग लाविला. पहिला चरण आला, सोन्यासारखा. दुसरा चरण बुवांनी उचलला, वर नेला, आणि टक्. मग टक् टक्. मग बुवा विहिरीत उतरले. श्रीमंत उठले, आणि डबीचा प्राण जेथोन येतो ते भिंतीवरचे बटणच खाली ओढिले. घरात शांतता जाहली. फोन उचलिला, मास्तरांस लाविला, मास्तर तिकडोन "बोला अण्णा!" म्हणाले, आणि श्रीमंतांनी ओठ ओले करोन आरंभ केला, "मास्तर, यंदा माझं नाव..."

तोच मुदपाकखान्यातून आरोळी आली, "अहो! बंद का केलंत? लावा, लावा ते गाणं! माझं दही लागायचंय!"

श्रीमंतांचा हात तसाच कानाशी राहिला. मागे वळोन बोलिले, "काय लागायचंय?"

"दही!"

"दह्याचा आणि गाण्याचा काय संबंध?"

राणीसाहेब कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "म्हणजे काय? ह्या थंडीत दही लागतं का नुसतं ठेवून? पौष लागल्यापासून पाण्यासारखं व्हायचं. तुमची ती डबी चालू असली की छान शेकते, म्हणून तुम्ही गाणं ऐकायला बसलात की मी विरजण लावून वर ठेवते. बघा की." ऐसे म्हणोन पडदा बाजूस केला. आत काळी डबी, डबीवर स्टीलचे भांडे, भांड्यास श्रीमंतांचाच जुना लोकरी मफलर गळ्यापर्यंत गुंडाळिला, आणि मफलरचे टोक खाली डबीवर पांघरुणासारखे सोडिलेले, जैसे तान्ह्या लेकरास पाजोन निजविले आहे. श्रीमंतांनी मफलराखाली हात घातला आणि चटका बसोन मागे घेतला. तव्यासारखी तापलेली. फोनमधोन मास्तर म्हणत होते, "हॅलो? अण्णा? कोणाचं काय लागलं? कोणाला लागलं?"

श्रीमंत म्हणाले, "मास्तर, धरा जरा." मग राणीसाहेबांस पुसले, आणि आवाज जपोन, कारण आता जे उत्तर येईल त्यावर सारे होते, "हे तू रोज ठेवतेस?" "रोज." "आणि मी तार बदलली तेव्हा?" "उचललं नव्हतं का? तुम्हीच म्हणालात कप्पा मोकळा कर. तुम्ही खटपटीला बसलात की दर वेळी उचलतेच." "श्रीरंगचा फोन होता तेव्हा?" "सुनेला दाखवू का, सासू टीव्हीत दही लावते म्हणून?" "नौशाद आला तेव्हा?" "परक्या माणसासमोर?" राणीसाहेबांनी डोळे मोठे केले. "असं कसं विचारता?"

मग श्रीमंतांनी भांडे उचलोन टेबलावर ठेविले, पडदा काढोन टाकिला, डबीस खिडकीच्या वाऱ्यास धरिले, वाट पाहिली, मास्तरांसही वाट पाहावयास लाविली, आणि डबी हातास गार लागली तेव्हा पुन्हा जोडोन तोच अभंग लाविला. बुवांनी दुसरा चरण उचलला, वर नेला, तेथे धरिला, धरोन ठेविला, आणि हळूच, आई पाळण्यावरून हात काढते तैसा, खाली सोडिला. तुटले नाही. शेवटपर्यंत तुटले नाही. तरीही श्रीमंतांच्या मनाचा एक कोपरा अंधारातच होता, म्हणोन ज्या गोष्टीस ते इतके दिवस भ्याले तीच आता पुसिली. "कुमुद, खरं सांग. तुला कधी तुटकं ऐकू आलं का?"

राणीसाहेब म्हणाल्या, "यायचं की. रोजच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार काय? तुम्हीच म्हणालात, दुरुस्त झालं, एकदम झालं. आणि तुम्ही बसायचात डोळे मिटून, असे तल्लीन. मला वाटलं, गाणंच तसं असेल. बुवांचं वय झालं असेल, थांबून थांबून गात असतील. मला तर दया यायची बिचाऱ्यांची."

श्रीमंत प्रथम हसले, मग हसता हसता डोळ्यांस पाणी आले, मग ते कोणते पाणी हे त्यांसही उमगेना. राणीसाहेब घाबरल्या. कणकेचा हात तसाच त्यांच्या बाहीवर ठेवोन म्हणाल्या, "अहो, काय झालं? एवढं काय दह्याचं? नाही लावत उद्यापासून." श्रीमंतांनी सारे सांगितले. नौशादचे बोल सांगितले, झाकलेले कान सांगितले, मांडवातली पोरे सांगितली. राणीसाहेबांनी ऐकोन घेतले आणि इतकेच बोलल्या, "आणि हे सगळं एकट्यानं? मी काय माहेरी होते?"

तेव्हा फोनातून मास्तर खाकरले. "अण्णा, मी अजून इथंच आहे बरं का. तुमचं नाव घालू का नको? छापखान्यात माणूस ताटकळलाय." श्रीमंत म्हणाले, "घाला. आणि मास्तर, मागच्या वर्षी त्या खालच्या आळीच्या मंडळाची झांज मागे पडत होती, त्यांना आत्तापासून सांगून ठेवा." मास्तर म्हणाले, "आता खात्री पटली, अण्णाच बोलतायत," आणि फोन ठेविला.

राहिले दही. राणीसाहेब भांड्याकडे पाहोन हळहळल्या, अर्धे लागलेले, आता गारठ्यात फुकट जाणार. तेव्हा श्रीमंत खुर्चीत बसले, भांडे मफलरासह मांडीवर घेतले, वरून शाल ओढली, आणि आज्ञा केली, "लाव गाणं." राणीसाहेबांनी बटण दाबिले आणि शेजारी पाट ओढोन बसल्या. बुवा गाऊ लागले. ठेका भरोन आला, सम आली, आणि श्रीमंतांचा हात सवयीने मांडीवर पडावयास उचलला गेला. राणीसाहेबांनी बोट दाखविले, "हलायचं नाही. मोडेल." हात हवेतच थांबला. मग ते थोर परीक्षक, ज्यांनी ताल धरिल्यावाचोन जन्मात गाणे ऐकिले नव्हते, लेकरू निजविलेल्या बापासारखे निश्चळ बसले, समेवर समा येऊन जात, आणि त्यांनी केवळ पापणी हलविली. संध्याकाळी राणीसाहेबांनी मफलर सोडिला आणि चमचा उभा रोविला. चमचा उभा राहिला.

ऐसे त्या राज्यातील नादाचे युद्ध मिटले. शत्रू कोणी नव्हता, जाया कोणी जाहले नाही, मफलरास थोडा ताकाचा वास लागला तो राहिला. डबी उघड्या कप्प्यात आहे, पडदा उशीस शिवला आहे, आणि पौष माघाच्या दुपारी श्रीमंत अजूनही न हलता गाणे ऐकतात. पाहिले, ऐकिले, तैसे लिहिले. लिहिण्यात खाच राहिली असेल तर ती लेखणीची समजावी, कानाची नव्हे.